खरखर, योगायोग आणि चाचांच्या गोळ्या

मालेगावात ज्याचं बालपण गेलं, त्याला शांतता म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागतं. आमच्या घराच्या भिंतीला लागून चार लूम होते. सकाळी सुरू झाले की रात्रीपर्यंत त्यांचा खडखडाट चालायचा. वीज गेली की अख्खा मोहल्ला एकदम गप्प व्हायचा आणि मग अब्बा सेलवरचा रेडिओ काढायचे. त्यातही आधी खरखर, मग कुठेतरी आत दबलेल्या बातम्या. अब्बा कान लावून बटण केसाइतकं इकडे-तिकडे फिरवत राहायचे. खरखर म्हणजे बिघाड, ती जितकी कमी तितकं चांगलं, हे मी तिथंच शिकलो.

त्याच घरात माझ्या धाकट्या चाचांना टीबी झाला. लूमवर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या वस्तीत हा आजार कुणाला नवा नव्हता. सरकारी केंद्रात त्यांच्या नावाचा गोळ्यांचा खोका आला. एक दिवसाआड जायचं आणि समोर बसून ओंजळभर गोळ्या गिळायच्या. पहिल्याच दिवशी चाचा वैतागून म्हणाले होते, “एक बीमारी की इतनी गोलियाँ?” गोळ्या देणाऱ्या ताईंनी एवढंच सांगितलं, “चाचा, यातली एकही सोडायची नाही.”

चाचांनी सोडल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आलं, लघवीला येणारा केशरी रंग त्यांना सहन होईना, शिवाय कामाचे खाडे होत होते. वर्षभराच्या आत आजार परत आला. या वेळी कोर्स आठ महिन्यांचा आणि सुरुवातीच्या दोन महिन्यांत २४ सुया. त्या सुयांमधलं औषध होतं स्ट्रेप्टोमायसिन.

चाचांच्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी सापडलं. ते दडलेलं होतं १९४३ सालच्या एका प्रयोगात, जो एका जुगाराच्या यंत्राकडे बघताना सुचला होता. ते उत्तर शोधताना खरखरीविषयीचं माझं लहानपणापासूनचं मतही बदललं. हा लेख त्या दोन्हींबद्दल आहे.

खरखर येते कुठून?

१८२७ साली रॉबर्ट ब्राउन हे स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ परागकणांमधून निघालेले बारीक कण पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. कण एका जागी राहीनात. कुठलीही दिशा न धरता ते सारखे थरथरत होते. त्यांना वाटलं, ही जीवाची हालचाल असेल. पण दगडाची भुकटी टाकली तरी ती तशीच नाचली. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्याचं गणित मांडलं : पाण्याचे रेणू उष्णतेमुळे सतत धावत असतात आणि त्या कणांना चहूबाजूंनी वेड्यावाकड्या धडका देतात.

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांना विजेच्या साध्या तारेतही हीच थरथर सापडली. तारेतले इलेक्ट्रॉनही उष्णतेने असेच भरकटतात आणि त्यातून एक बारीक, अनियमित विद्युतदाब तयार होतो. त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचा हिशेब बसवला. १९२८ मध्ये दोघांचे लेख प्रसिद्ध झाले. अब्बांच्या रेडिओतली सगळी खरखर काही त्या तारेची नव्हती, बरीचशी आकाशातल्या विजांची आणि शेजारच्या मोटारींची होती. पण बाकी सगळी काढून टाकली तरी ही एक उरतेच. जिथे उष्णता आहे तिथे थोडी खरखर असणारच.

साहजिकच इंजिनिअरांनी तिला शत्रू मानलं. टेलिफोन, रेडिओ, रडार या सगळ्यांचा इतिहास म्हणजे खरखरीशी झगडण्याचा इतिहास आहे. पण त्याच काळात काही माणसांना उलटी गोष्ट दिसू लागली. हा अनियमितपणा नुसता सहन करायचा नसतो, त्याच्याकडून काम करून घेता येतं. आणि सजीव तर ते काम कधीपासून करून घेत आले आहेत.

शत्रू देशाचे दोन नागरिक

साल्वाडोर लुरिया यांचा जन्म १९१२ चा, इटलीतल्या तुरिन शहरातला. शिक्षणाने डॉक्टर, जन्माने यहुदी. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने वंशाचे कायदे आणले आणि त्यांची संशोधनाची वाट इटलीत बंद झाली. ते पॅरिसला गेले. १९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या दाराशी आल्या, तेव्हा ते शहरातून निघाले आणि सायकलवरून दक्षिणेकडे पळाले. मार्सेय, मग लिस्बन आणि तिथून जहाजाने सप्टेंबरात न्यूयॉर्क.

दुसरे मॅक्स डेलब्रुक. बर्लिनचे, मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. नाझींच्या जर्मनीत विद्यापीठाची नोकरी मिळणं अवघड झाल्यावर १९३७ मध्ये ते अमेरिकेत आले. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा कागदोपत्री हे दोघेही ‘शत्रू देशाचे नागरिक’ ठरले. त्यामुळे युद्धाच्या गुप्त कामात त्यांना कुणी घेतलं नाही आणि जिवाणूंकडे बघायला त्यांना वेळ मिळाला.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. काचेच्या बशीत कोट्यवधी जिवाणू वाढवा आणि त्यांच्यावर जिवाणू मारणारा विषाणू सोडा. जवळजवळ सगळे मरतात, पण काही मोजके उरतात. त्यांची पिल्लावळही त्या विषाणूला दाद देत नाही. हे मोजके वाचले कसे? विषाणूशी गाठ पडल्यावर ते लढायला शिकले, की विषाणू यायच्या आधीच, कसलंही कारण नसताना, त्यांच्यात तसा बदल झालेला होता?

१९४३ च्या सुरुवातीला लुरिया इंडियाना विद्यापीठात नुकतेच रुजू झाले होते. तिथल्या प्राध्यापकांच्या एका नाचाच्या कार्यक्रमात कोपऱ्यात स्लॉट मशीन होतं. एक सहकारी त्यात नाणी टाकत होता आणि लुरिया त्याची थट्टा करत होते. नाण्यामागून नाणं जात होतं. अचानक यंत्राने नाण्यांचा ढीग ओतला. लुरियांच्या डोक्यात तिथंच प्रयोग तयार झाला.

कल्पना अशी : एका मोठ्या भांड्यात जिवाणू वाढवण्याऐवजी ते अनेक छोट्या नळ्यांमध्ये वेगवेगळे वाढवायचे. मग प्रत्येक नळी स्वतंत्र बशीत ओतून विषाणूंसमोर ठेवायची आणि वाचलेले मोजायचे. जिवाणू विषाणूला भेटल्यावर शिकत असतील, तर प्रत्येक बशीत वाचलेल्यांची संख्या साधारण सारखी यायला हवी. पण बदल आधीच, केव्हाही आणि कुठेही होत असेल, तर चित्र स्लॉट मशीनसारखं दिसेल. बहुतेक नळ्यांत काहीच नाही. एखाद्या नळीत मात्र बदल फार लवकर झाला असेल, तर त्या एका जिवाणूची सगळी पिल्लावळ मिळून मोठा ढीग.

त्यांच्या एका प्रयोगात २० नळ्या होत्या. ११ नळ्यांत शून्य. बाकीच्यांपैकी बऱ्याच नळ्यांत एक, तीन, पाच असे किरकोळ आकडे. आणि एका नळीत ३५, एका नळीत ६४, एका नळीत १०७. सरासरी ११ च्या थोडी वर. सगळ्या नळ्या सारख्याच रीतीने शिकल्या असत्या, तर ११ ची सरासरी असताना एकाही नळीत शून्य येणं जवळजवळ अशक्य होतं. डेलब्रुक यांनी गणित केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकात दोघांचा लेख आला.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते. एरवी कुठलाही संशोधक असे वेडेवाकडे आकडे पाहून प्रयोग बिघडला म्हणाला असता आणि सरासरी काढून मोकळा झाला असता. या दोघांनी सरासरी बाजूला ठेवली आणि आकड्यांमधला चढउतारच वाचला. खरी बातमी त्या खरखरीतच होती.

नऊ वर्षांनी, १९५२ मध्ये, एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या दांपत्याने तेच वेगळ्या रीतीने दाखवलं. आमच्या विणकर मोहल्ल्याला आवडेल अशी ती रीत आहे. त्यांनी लाकडी ठोकळ्यावर मखमलीचं कापड ताणलं, ते जिवाणूंच्या बशीवर दाबलं आणि छापाचा ठसा उठवावा तसा तोच नमुना दुसऱ्या बश्यांवर उठवला. एका बशीत औषध, मूळ बशीत नाही. औषधाच्या बशीत जिथे जिवाणू जगले, मूळ बशीतल्या नेमक्या त्याच जागेचे जिवाणू उचलत गेलं, तर औषध कधी न पाहताही त्याला दाद न देणारे जिवाणू वेगळे काढता येत होते. त्यांनी वापरलेल्या औषधाचं नाव होतं स्ट्रेप्टोमायसिन, चाचांच्या सुयांमधलं.

‘विज्ञान योगायोगाचं शत्रू’

ज्या महिन्यांत लुरिया स्लॉट मशीनकडे पाहत होते, त्याच हिवाळ्यात, २६ जानेवारी १९४३ रोजी, रशियातल्या साराटोवच्या तुरुंगात निकोलाय वाविलोव यांचा उपासमारीने मृत्यू झाला. वाविलोव हे जगातल्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी एक. त्यांनी देशोदेशी फिरून पिकांच्या बियाण्यांचे हजारो वाण जमवले होते. पिकांत जितका फरक, जितकी विविधता, तितकी दुष्काळ आणि रोग यांच्यासमोर टिकण्याची शक्यता जास्त, हा त्यांचा आग्रह. लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांचे काही सहकारी भुकेने मेले, पण त्यांनी ते बियाणं खाल्लं नाही.

वाविलोव यांचा घात झाला तो त्रोफिम लायसेंको यांच्या काळात. लायसेंको यांचं म्हणणं होतं की पीक शिकवता येतं. योग्य थंडी, योग्य परिस्थिती दिली की गव्हाचा स्वभाव हवा तसा बदलतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो. जनुकांमधले आपोआप होणारे, दिशाहीन बदल त्यांना मान्य नव्हते. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोतल्या कृषी अकादमीच्या अधिवेशनात त्यांनी विज्ञान हे योगायोगाचं शत्रू असल्याचं जाहीर केलं. स्टालिनचा त्यांना पाठिंबा होता. त्यानंतर सोव्हिएत देशातल्या जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळा बंद झाल्या, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, पाठ्यपुस्तकं बदलली. देशाचं जीवशास्त्र मागे पडलं ते पुढची पंधरा-सोळा वर्षं.

लायसेंको यांचं ते विधान मला नुसतं विज्ञानातली चूक वाटत नाही. सगळं काही योजनेप्रमाणे, एका साच्यातून, एका सुरात व्हावं अशी ज्या सत्तेची इच्छा असते, तिला योगायोग सहन होत नाही, कारण योगायोगातून वेगळेपण जन्मतं. इटलीने लुरियांना बाहेर काढलं, जर्मनीने डेलब्रुक यांना थारा दिला नाही, रशियाने वाविलोव यांना उपाशी मारलं. तिन्ही राजवटींचे झेंडे वेगळे होते.

चाचांच्या प्रश्नाचं उत्तर

स्ट्रेप्टोमायसिन सापडलं तेही १९४३ मध्येच, अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत, त्यांचे विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ यांच्या हातून. टीबीच्या जंतूवर चालणारं पहिलं प्रतिजैविक. युद्धानंतर ब्रिटनकडे ते फार थोडं होतं. कुणाला द्यायचं? तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने एक चाचणी आखली. तिचे संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल पहिल्या महायुद्धात स्वतः टीबीतून उठलेले. औषध कुणाला मिळेल हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता त्यांनी यादृच्छिक आकड्यांवर सोडलं, म्हणजे बंद लिफाफ्यांतल्या चिठ्ठ्यांवर. डॉक्टरने नकळत बरा दिसणारा रुग्ण निवडू नये, म्हणून मुद्दाम योगायोग आणला. आज जगात औषधांच्या बऱ्याच चाचण्या याच रीतीने होतात.

१०७ रुग्ण होते. औषध आणि विश्रांती मिळालेल्या ५५ पैकी सहा महिन्यांत ४ दगावले. नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. निकाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्याच अहवालात वाईट बातमीही होती. सुरुवातीला सुधारलेले बरेच रुग्ण पुन्हा घसरले आणि त्यांच्या थुंकीतले जंतू औषधाला दाद देईनासे झाले. पाच वर्षांनी पाहिलं, तर दोन्ही गटांतल्या मृत्यूंमधला फरक बराच आटला होता.

असं का झालं, ते लुरियांच्या नळ्यांनी आधीच सांगितलं होतं. टीबीने फुप्फुसात पाडलेल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. समजा, दहा लाखांत एक जंतू केवळ योगायोगाने एका औषधाला दाद न देणारा असेल. तर दहा कोटींत असे शंभर निघतील. औषधाने बाकी सगळे मारले की मोकळं झालेलं घर त्या शंभरांचं. औषधाने त्यांना घडवलं नाही, फक्त त्यांच्यासाठी जागा रिकामी केली.

आता दुसरं औषध सोबत द्या. त्याच्यातूनही दहा लाखांत एकच निसटतो असं धरा. पण दोन्हींतून एकदम निसटणारा जंतू दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एक लाख कोटींत एक. एवढे जंतू एका छातीत मावत नाहीत. म्हणून एका आजाराला इतक्या गोळ्या. १९५० पर्यंत ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला दुसरं औषध देऊन हे सिद्ध झालं. १९५६ मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या केंद्राने पुढे दाखवलं की औषधांची जोडी नीट घेतली, तर गरीब वस्तीतल्या घरातही रुग्ण जवळपास तसाच बरा होतो. त्यासाठी सॅनेटोरियमच हवं असं नाही. चाचांना घरी राहून उपचार मिळाले, त्याचं मूळ तिथं आहे.

गोळ्या मध्येच सोडल्या किंवा त्यातल्या निवडक घेतल्या की हे गणित मोडतं आणि जंतूच्या योगायोगाला संधी मिळते. चाचांचं नशीब की दुसऱ्या खेपेला औषधं लागू पडली. आमच्याच गल्लीतल्या दोघांना पडली नाहीत.

आजारातला पत्त्यांचा डाव

आता यंत्रांकडे येऊ. कारण १९४० च्या याच दशकात योगायोगाला कामाला लावण्याची दुसरी रीत सापडली, तीही एका परागंदा माणसाला.

स्टानिस्लाव उलाम हे त्या वेळच्या पोलंडमधल्या ल्वुव शहरातले यहुदी गणितज्ञ. १९३९ च्या ऑगस्टमध्ये ते धाकट्या भावाला घेऊन अमेरिकेच्या जहाजात बसले. वडील आणि काका बंदरावर निरोप द्यायला आले होते. काही दिवसांत हिटलरने पोलंडवर हल्ला केला. मागे राहिलेल्या कुटुंबातले बहुतेक जण नरसंहारात गेले.

१९४६ मध्ये उलाम यांना मेंदूज्वर झाला, डोक्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी मेंदूला ताण द्यायचा नाही असं बजावलं. मग ते पडल्या पडल्या एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडू लागले. गणितज्ञाचं मन गप्प बसेना. हा डाव सुटण्याची शक्यता किती? कागदावर मोजू गेलं तर हिशेब आवाक्याबाहेर. तेव्हा त्यांच्या मनात आलं, मोजायचं कशाला? पत्ते पिसून शंभर वेळा डाव मांडावा आणि किती वेळा सुटला ते पाहावं.

नवे संगणक तेव्हा आकार घेत होते. उलाम यांनी ही कल्पना जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली. १९४८ मध्ये ‘एनिअॅक’ या संगणकावर ती प्रत्यक्षात चालवली गेली आणि त्याच्या आज्ञावलीचं बरंचसं काम क्लारा फॉन नॉयमन यांनी केलं. निकोलस मेट्रोपोलिस यांनी तिचं नाव ठेवलं ‘मॉन्टे कार्लो’, जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून. उलाम यांचे एक काका उसने पैसे घेऊन तिथे खेळायला जात असत म्हणे.

पहिला उपयोग अणुबॉम्बच्या कामातला होता, हेही लपवून चालणार नाही. बॉम्बमधला प्रत्येक न्यूट्रॉन पुढे जाईल, धडकेल की गिळला जाईल, हे जणू चिठ्ठी टाकून ठरवायचं आणि हजारो न्यूट्रॉनांची अशी चरित्रं जमवून सरासरी काढायची. आज तीच रीत कॅन्सरच्या रुग्णाला किरणोपचाराची मात्रा ठरवताना आणि हवामानाचा अंदाज बांधताना कामाला येते.

पण यासाठी चिठ्ठ्या हव्यात, म्हणजे कुठलाही क्रम नसलेले आकडे. संगणक तर सांगितलं तेवढंच करणारं यंत्र. अमेरिकेतल्या रँड संस्थेने १९४७ मध्ये त्यासाठी विजेच्या खरखरीचाच आधार घेतला. अनियमित येणारे विजेचे ठोके मोजून त्यांनी आकडे काढले, ते २०,००० कार्डांवर छिद्रांनी उतरवले आणि १९५५ मध्ये दहा लाख यादृच्छिक आकड्यांचं पुस्तक छापलं. पानोपानी नुसते आकडे, अर्थ काहीच नाही आणि तोच त्यांचा गुण. जॉन्सन यांनी तारेत पकडलेला शत्रू आता पगारावर ठेवलेला होता. आज बँकेचा व्यवहार मोबाइलवरून करताना जी गुप्त किल्ली तयार होते, तिच्या मुळाशीही असाच कुठलातरी अंदाज न येणारा आकडा असतो.

अम्मीचा तांदळाचा डबा

नुसतं मोजणं वेगळं, उत्तर शोधणं वेगळं. त्यातही खरखर कामाला येते. ते मला अम्मीच्या स्वयंपाकघरात समजलं. डब्यात तांदूळ भरताना तो काठोकाठ आला की अम्मी डबा जमिनीवर हलकेच आपटायची. तांदूळ खाली बसायचा आणि आणखी पावशेर मावायचा. दाणे जिथे पडले तिथे अडकलेले असतात. धक्का बसला की ते सुटतात आणि अधिक चांगली जागा शोधतात. जोरात आपटलं तर तांदूळ सांडतो, म्हणून शेवटी शेवटी धक्के हलके करत जायचं.

१९८३ मध्ये स्कॉट कर्कपॅट्रिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी संगणकाला हेच शिकवलं. त्यांना उदाहरण सुचलं ते धातूचं : तापवून हळूहळू थंड केला की त्याचे अणू नीट बसतात, एकदम थंड केला तर ठिसूळ राहतो. संगणकाच्या चिपवर हजारो भाग कुठे बसवायचे, अनेक गावं फिरायचा सगळ्यात छोटा रस्ता कुठला, अशा प्रश्नांत संगणक पावलोपावली सुधारणा करत गेला, तर तो पहिल्याच बऱ्या उत्तरात अडकतो. म्हणून त्याने अधूनमधून मुद्दाम चुकीचं पाऊल टाकायचं. सुरुवातीला जास्त, मग कमी कमी. थोडं वाईट स्वीकारल्याशिवाय जास्त चांगलं सापडत नाही.

उंबरठ्यापलीकडचा आवाज

आणि आता पुन्हा रेडिओची खरखर. १९८१ च्या सुमारास रोबेर्तो बेन्झी आणि इतर इटालियन शास्त्रज्ञांनी हिमयुगांबद्दल एक विचार मांडला. सुमारे एक लाख वर्षांनी पृथ्वीच्या कक्षेत होणारा बदल फार क्षीण असतो, पण हवामानाची रोजची उलथापालथ त्याला धक्का देऊन पलीकडे ढकलत असेल. हिमयुगांसाठी एवढं कारण पुरेसं आहे का, यावर वाद झाले. कल्पना मात्र टिकली.

ती अशी. दाराला उंबरठा आहे आणि बाहेर पाणी हळूहळू वर-खाली होतंय, पण उंबरठ्याला पोचत नाही. घरात बसलेल्याला काहीच कळणार नाही. आता त्या पाण्यावर लहान-मोठ्या लाटा उठू द्या. पाणी वर असेल तेव्हा एखादी लाट उंबरठा ओलांडेल, खाली असेल तेव्हा नाही. कधी पाणी आत येतं आणि कधी नाही, यावरून आतल्या माणसाला बाहेरची चढउतार कळेल. लाटाच नसतील तर काही कळत नाही, फार उंच असतील तर सारखं पाणीच पाणी. मधल्या एका मापात खरखर कान होते.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिसूरीमधल्या शास्त्रज्ञांनी हे क्रेफिश या गोड्या पाण्यातल्या, झिंग्यासारख्या प्राण्यावर पाहिलं. त्याच्या शेपटीवरच्या बारीक केसांना पाण्याची हालचाल कळते. अगदी क्षीण हालचालीत थोडी अनियमित खळबळ मिसळली, तेव्हा त्याच्या मज्जातंतूला ती अधिक स्पष्ट कळली. खळबळ आणखी वाढवल्यावर पुन्हा कळेनाशी झाली. १९९९ मध्ये पॅडलफिश नावाच्या लांब चोचीच्या माशावरही असाच प्रयोग झाला. पाण्यात योग्य मापाची विजेची खरखर सोडली, तेव्हा तो जास्त लांबचे बारीक जीव टिपू लागला.

चाळणी हवीच

योगायोग एकटा काहीच करत नाही, हेही नीट सांगायला हवं. आपल्या शरीरात रोगांशी लढणाऱ्या पेशी जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून अगणित प्रकारची प्रतिद्रव्यं तयार करतात. जपानचे सुसुमु तोनेगावा यांनी हे १९७६ मध्ये दाखवलं आणि त्यासाठी १९८७ चं नोबेल मिळवलं. जगात कुठला जंतू उद्या येईल हे शरीराला ठाऊक नसतं, म्हणून ते आधीच चिठ्ठ्या टाकून ठेवतं. पण पुढे कडक चाळणीही असते. स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशी बऱ्याच अंशी बाद होतात, जंतूशी जुळणाऱ्या वाढवल्या जातात. लुरियांच्या नळीत विषाणू ही चाळणी होती, कर्कपॅट्रिक यांच्या संगणकात हळूहळू कमी होणारा धक्का. चाळणीशिवाय खरखर म्हणजे नुसता गोंगाट. आणि खरखरीशिवाय चाळायला काही उरतच नाही.

गेल्या ईदला मालेगावला गेलो होतो. चाचा आता सत्तरीला टेकलेत. त्यांना कमी ऐकू येतं. त्या सुयांमुळे की लूममुळे, सांगता येत नाही. स्ट्रेप्टोमायसिन कानावर परिणाम करतं आणि लूमही. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन मी त्यांच्या कानाशी जाऊन, जरा मोठ्या आवाजात, त्यांच्या वीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्यात अडकतो, दुसऱ्यातून निसटलेला तिसऱ्यात. म्हणून सगळ्या गोळ्या एकदम घ्यायच्या.

चाचांनी ऐकून घेतलं. मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत आडवी-उभी घालून त्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. आयुष्यभर विणकाम केलेला माणूस.

“यानी मैंने बीच में बाना ही निकाल लिया था,” ते म्हणाले.